गाण्याची शिल्लक आणि श्रोत्याचा वाटा

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आर्थिक विचारांचा इतिहास शिकवताना अ‍ॅडम स्मिथच्या एका विधानापाशी दरवर्षी थोडे थांबावे लागते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मिथने श्रमाचे उत्पादक आणि अनुत्पादक असे दोन वर्ग केले आणि अनुत्पादकांच्या यादीत राजा, त्याचे सैन्य, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, विद्याव्यासंगी मंडळी, नट आणि विदूषक यांच्या पंक्तीला गवयांनाही बसवले. कारण असे की, कारागिराच्या श्रमातून एखादी टिकाऊ वस्तू मागे उरते. गवयाचे काम मात्र ज्या क्षणी घडते त्याच क्षणी नाहीसे होते. (स्मिथ स्वतः ग्लासगोला प्राध्यापक होता, तेव्हा ही यादी करताना त्याने आपली गणना कुठे केली असेल, हा विचार दरवर्षी माझ्या मनात येतो.) विद्यार्थी येथे हसतात आणि तास पुढे सरकतो. यंदा मात्र मागच्या बाकावरून एक हात वर आला. “सर, नाहीसे कुठे होते? किशोरीताईंचा भूप माझ्या मोबाइलमध्ये आहे की.”

उत्तर देणे अवघड नव्हते. एडिसनचे ध्वनिमुद्रण यंत्र १८७७ सालचे. स्मिथच्या ग्रंथानंतर शंभर वर्षांनी ते आले. तेव्हा स्मिथचे चुकले नाही, काळ बदलला, एवढे सांगून मी तास संपवला. परंतु तो प्रश्न मनातून जाईना. त्याला कारणही तसेच होते. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या गावच्या संगीत मंडळाची मासिक बैठक होती, आणि तिला न जाण्याचे मी सकाळीच ठरवून टाकले होते. मंडळाचा मी गेली अनेक वर्षे वर्गणीदार आहे, पण अलीकडे वर्गणी देण्यापलीकडे माझा मंडळाशी संबंध उरला नव्हता. गाणाऱ्या बाईंचे नाव अपरिचित, सभागृह गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरी कपाटात व खिशातल्या यंत्रात इतके गाणे भरून ठेवलेले की, रोज दोन तास ऐकले तरी निवृत्तीपर्यंत संपणार नाही. मग जायचे कशासाठी?

शेवटी गेलो, तो केवळ त्या मुलाच्या प्रश्नाने अस्वस्थ झालो म्हणून. शाळेच्या सभागृहात तीन सतरंज्या अंथरल्या होत्या. दीड सतरंजी रिकामी होती. कलावंत आणि चहा देणारे कार्यकर्ते सोडले, तर आम्ही श्रोते एकोणीस. त्या संध्याकाळकडे मी पुढे येणारच आहे. तत्पूर्वी, घरातले गाणे आणि मैफलीतले गाणे यांचा जो वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे, त्यातला एक समज आधी दूर करायला हवा.

तो समज असा की, मैफल ही आपली प्राचीन परंपरा आणि ध्वनिमुद्रिका हे परदेशातून आलेले यांत्रिक अपत्य. वस्तुतः तिकीट काढून कोणीही ज्यात जाऊन बसावे अशी जाहीर मैफल आणि गाण्याची तबकडी या दोन्ही गोष्टी आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आल्या. ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले ते १९०२ च्या नोव्हेंबरात. आणि विष्णु दिगंबर पलुसकर हे तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या काही गवयांपैकी एक, त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले ते १९०१ च्या मे महिन्यात. त्यापूर्वी ख्यालगायन होत असे ते दरबारात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात, म्हणजे घरातच. फक्त ते घर आपले नसे. तुमच्या-माझ्या पणजोबांना त्या दिवाणखान्याच्या पायरीवरही उभे राहता आले असते की नाही, याची शंकाच आहे. सामान्य माणसाच्या कानी राग पडत ते देवळातल्या कीर्तनातून, आणि १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर संगीत नाटकांतून. जाहीर मैफल आणि तबकडी या दोघींनी मिळून तो दिवाणखाना फोडला. त्या सवती नव्हेत, जुळ्या बहिणी आहेत.

आणि या बहिणींपैकी धाकटीने थोरलीला काय दिले, त्याचा हिशेब मांडला तर मैफलीच्या कट्टर अभिमान्यांनाही गप्प बसावे लागेल. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तीनएक मिनिटांच्या तबकडीवर ऐकून गदगमधला अकरा वर्षांचा एक मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो थेट ग्वाल्हेरपर्यंत भटकला आणि अखेर घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या पायाशी येऊन बसला. भीमसेन जोशी यांच्या गाण्याचा उगम असा एका तबकडीत आहे. कुमार गंधर्वांना तर बालपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा मुखोद्गत होत्या. त्या गाऊन दाखवणारे मूल म्हणूनच लोक त्यांना प्रथम ओळखू लागले. दोघांनाही पुढे जिवंत गुरूपाशी जावे लागले, हे खरे; पण जाण्याची ओढ तबकडीने लावली.

केसरबाई केरकरांचे उदाहरण याहून विलक्षण आहे. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवर बसवलेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीतून अवकाशात गेली. यान सुटले त्याच वर्षी सप्टेंबरात बाई वारल्या. दोन यानांपैकी एक २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. मानवी आवाज इतका दूर कधी गेला नव्हता. आणि ज्याला समेवर मान हलवणारे कोणीच नाही असे गाणेही दुसरे नसेल.

माझ्यापुरते सांगायचे तर, मी घरातल्या गाण्यावर वाढलो. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की घरात मोठ्याने बोलायची बंदी असे. हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. वडिलांचा जन्मही त्याच सुमाराचा, त्यामुळे आपण आणि तो कार्यक्रम एका वयाचे आहोत, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि त्या कार्यक्रमांच्या ध्वनिफिती होऊ लागल्या. प्रत्येक फितीच्या वेष्टनावर राग, ताल, तारीख, आणि ‘शेवटची दोन मिनिटे वीज गेल्याने नाहीत’ अशासारखी टीप त्यांच्या कचेरीतल्या अक्षरात लिहिलेली असे. त्या फिती आजही माझ्यापाशी आहेत.

आई तर आयुष्यात एकाही रात्रीच्या मैफलीला गेली नाही. तिला आवड नव्हती म्हणून नव्हे. दोन लहान मुले, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि सकाळचे पाच वाजताचे पाणी सोडून ती जाणार कुठे? पण पोळ्या लाटता लाटता, “हा मारवा नाही, पूरिया आहे,” असे ती वडिलांना सांगे, आणि बहुधा तिचेच बरोबर असे. मैफलीची थोरवी गाणाऱ्यांनी या बायकांची आठवण ठेवावी. आकाशवाणी नसती, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रिया, आजारी माणसे, वृद्ध आणि आडगावचे शाळामास्तर या संगीताला कायमचे मुकले असते. घरात ऐकणे हे कमी प्रतीचे ऐकणे आहे, असे जो म्हणेल त्याच्याशी वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

शिवाय आजची मैफल म्हणजे काही स्वर्ग नव्हे. साडेसहाची वेळ छापायची आणि सव्वासातला दीपप्रज्वलन करायचे. मग प्रायोजकांचा सत्कार, प्रायोजकांच्या सौभाग्यवतींचा सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे ‘मला संगीतातले काही कळत नाही, पण’ अशी सुरुवात करून वीस मिनिटे चालणारे भाषण. ध्वनिक्षेपकावर बसलेल्या गृहस्थांनी तबल्याचा डग्गा असा फुगवून ठेवायचा की, गायकाचा मंद्र षड्ज त्यात बुडून जावा. आणि शेजारच्या खुर्चीवरील रसिकाने ऐन विस्ताराच्या वेळी मोबाइल उंच धरून चित्रीकरण करायचे. घरी यातले काहीच नाही. घरी आलाप ऐकू येतो, श्वास ऐकू येतो, तंबोऱ्याची जवारी ऐकू येते. एखादे आवर्तन कळले नाही तर दहा वेळा मागे नेऊन ऐकता येते. गाणे शिकणाऱ्या मुलांना तर हे वरदानच आहे. केवळ ध्वनीच्या गुणवत्तेवर निकाल द्यायचा, तर आजच्या बहुतेक सभागृहांविरुद्ध घरच जिंकेल.

मग हरकत कुठे आहे? हरकत ऐकण्यात नाही, उत्पादनात आहे. आणि येथे मला माझ्या विषयाकडे वळणे भाग आहे.

बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा कोणत्याही गृहिणीला समजेल इतका सरळ आहे. गिरणीत एका कामगाराच्या तासाभराच्या श्रमातून निघणारे कापड यंत्रसुधारणेमुळे कित्येक पटींनी वाढले. परंतु चार वादकांसाठी रचलेली एखादी कृती सादर करायला बीथोव्हेनच्या काळी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. वादकालाही त्याच बाजारातून धान्य घ्यायचे असते, घरभाडे भरायचे असते. तेव्हा इतरांचे वेतन वाढले की त्याचे मानधनही वाढवावेच लागते, त्याची उत्पादकता मात्र होती तिथेच राहते. परिणामी मैफल ही इतर वस्तूंच्या मानाने वर्षानुवर्षे महाग होत जाते. यात कोणाचा लोभ नाही की लबाडी नाही; व्यवसायाचा तो धर्मच आहे.

आपल्या ख्यालाला हे तंतोतंत लागू आहे. विलंबित एकतालातला बडा ख्याल निम्म्या वेळात उरकला तर उत्पादकता दुप्पट झाली, असे कोणी म्हणणार नाही. तबल्याला एक माणूस लागतो, पेटीला एक, तंबोऱ्याला दोन. त्यातले तंबोऱ्याचे दोघे अलीकडे विजेवरच्या छोट्या पेटीने पुष्कळ ठिकाणी काढून टाकले. या व्यवसायात झालेली ही जवळजवळ एकमेव यंत्रसुधारणा. आणि तिची किंमतही शिष्यांनीच मोजली, कारण गुरूच्या मागे तंबोरा धरून बसणे ही केवळ साथ नव्हती, ते शिक्षण होते.

याउलट ध्वनिमुद्रिकेचे अर्थशास्त्र. एकदा गाणे मुद्रित झाले की ते आणखी एका माणसाला ऐकवण्याचा खर्च जवळजवळ शून्य. मार्शलने आपल्या ग्रंथात नोंदवले होते की, मानवी आवाज जेवढ्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो त्यांची संख्या जोवर मर्यादित आहे तोवर गायकाच्या मिळकतीलाही मर्यादा राहणार. ती मर्यादा यंत्राने मोडली. मोडल्यावर काय होते ते शर्विन रोझेन यांनी १९८१ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले: सर्वोत्तम माणूस साऱ्या जगाला पुरवठा करू शकत असेल, तर त्याच्याहून किंचित उणा असलेल्याकडे कोणी वळत नाही, गुणांतला फरक थोडा, पण मिळकतीतला फरक अफाट.

आपल्या संगीतात या नियमाला आणखी एक धार आहे. रोझेन यांच्या सिद्धांतात स्पर्धा निदान जिवंत माणसांची आहे. आमच्या सभागृहात गायला बसलेल्या पंचविशीतल्या मुलीची स्पर्धा अमीर खाँ, केसरबाई, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर यांच्याशी आहे. तीही त्यांच्या आयुष्यातल्या निवडक, सर्वोत्तम संध्याकाळींशी. त्या मंडळींची पडलेली गाणी कोणी जपून ठेवली नाहीत. त्यांचा आवाज आता कधी बसणार नाही, त्यांना गाडीभाडे द्यावे लागणार नाही, आणि ऐन वेळी त्यांचा तबलजी आजारीही पडणार नाही. मृतांशी अशी स्पर्धा करावी लागणारा दुसरा व्यवसाय माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि या स्पर्धेचा निवाडा सकाळीच घरी बसून करणारा पंच होतो मी.

आता त्या संध्याकाळकडे येतो. गाणाऱ्या बाई, बाई कसल्या, माझ्या विद्यार्थिनींहून चार वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी, शेजारच्या जिल्ह्यातून एस. टी.ने आली होती. पूरियाधनाश्री लावला. पहिली पंधरा मिनिटे ती घाबरलेली होती आणि ते दिसत होते: पाठ केलेले सारे नीटनेटके मांडून ठेवायचे आणि कुठेही थांबायचे नाही, अशी घाई. पुढच्या सतरंजीवर आमच्या गावचे तबल्याचे एक जुने शिक्षक बसले होते. त्यांचा गाणाऱ्याला आशीर्वाद सहसा मिळत नाही. एका आवर्तनात मुलीने पंचमावरून खाली येताना कोमल ऋषभावर किंचित रेंगाळून षड्ज घेतला, तो कदाचित अनवधानाने. गुरुजी हळूच म्हणाले, “हां, इथे थांब की.” दाद म्हणावी तर सूचना, सूचना म्हणावी तर दाद. मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि ती खरोखरच थांबली. पुढची दहा मिनिटे तिने तीच जागा निरनिराळ्या वाटांनी गाठली. कधी निषादावरून वळसा घालून, कधी तीव्र मध्यमावर आशा दाखवून परत. पेटीवाला सावरून बसला. तबलजीने लय न वाढवता ठेका भरायला सुरुवात केली. एकोणीस माणसांपैकी कोणी हलेना.

ती दहा मिनिटे त्या मुलीच्या वहीत नव्हती. तिने घरून आणली नव्हती. ती त्या खोलीत तयार झाली. आणि ज्याने ती तयार करायला हातभार लावला तो मंचावर नव्हता, सतरंजीवर होता. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, मैफलीतला श्रोता हा केवळ उपभोक्ता नसतो, तो सहउत्पादक असतो. घरी मी कितीही मनापासून “वा!” म्हटले तरी खाँसाहेबांचे पुढचे आवर्तन बदलत नाही.

घरी ऐकताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. आपल्या संग्रहातली जी मुद्रणे आपण सर्वांत मोलाची मानतो त्यांतली कितीतरी मैफलींत झालेली आहेत. नीट कान दिला तर त्यांत खोकला ऐकू येतो, दूरवर हलवलेली खुर्ची ऐकू येते, आणि समेवर येणारी ती बारीक दादही. ही कोण माणसे होती? कोणी कारकून असेल, कोणी मास्तर असेल. आठ आणे, रुपया मोजून, रात्र जागून, दुसऱ्या दिवशी पेंगत कचेरीत गेलेला. त्याच्या जागरणाचे फळ आज आपण उशाला तक्क्या घेऊन खात आहोत. मुद्रित संगीत ही शिल्लक आहे. मैफल ही मिळकत आहे. मिळकत थांबवून शिल्लकीवर घर चालवता येते, पुष्कळ वर्षे चालवता येते, आणि त्या काळात घरात काही कमी आहे असे वाटतही नाही. आमच्या एकोणीस माणसांच्या सभागृहात मला जो हिशेब दिसला तो हा.

२०२० च्या मार्चनंतर मैफली बंद पडल्या तेव्हा याचा एक अनुभव साऱ्यांनीच घेतला. गवई घरात बसून भिंतीकडे टेकवलेल्या मोबाइलसमोर गायले, आपण घरात बसून ऐकले. सोय मोठी होती. परदेशस्थ मराठी मंडळींनाही त्यात बसता आले, हे चांगलेच झाले. पण समेवर आल्यावर गाणाऱ्याची नजर क्षणभर वर उठे आणि समोर कोणी नाही हे लक्षात येऊन खाली जाई, ते पाहवत नसे. ज्यांचे पोट केवळ साथीवर चाललेले, त्या तबलजी-पेटीवाल्यांचे त्या काळात काय झाले, ते निराळेच प्रकरण आहे.

मैफलीचे म्हणून जे खास होते त्यातली एक गोष्ट तर कायद्यानेच गेली. वडील मला पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला प्रथम घेऊन गेले ते १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. रमणबागेचे मैदान, डिसेंबरची थंडी, घोंगडी, थर्मास, आणि मध्यरात्रीनंतर वडिलांच्या मांडीवर ठेवलेले माझे डोके. पहाटे त्यांनी मला हलवून उठवले, तेव्हा आकाश राखाडी झाले होते आणि मंचावर ललत चालू होता. झोपेतून थेट ललतात उठण्याचा तो प्रसंग माझ्याबाबतीत पुन्हा कधी आला नाही. १९५३ सालापासून भीमसेनजींनी चालवलेल्या या महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्याने आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावून होई. हजारो माणसांच्या जिवंत मैफलीचा शेवट एका तबकडीने! जुळ्या बहिणी म्हटले ते यासाठी.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांविषयी कठोर निकाल दिला, आणि रात्रभराच्या खुल्या मैफली इतिहासजमा झाल्या. तो निकाल योग्यच होता. ज्याच्या घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी आहे त्याला विचारा. पण परिणाम असा झाला की दरबारी, मालकंस, अडाणा, ललत, भटियार हे राग संध्याकाळच्या वेळापत्रकात बसेनासे झाले. आज ते त्यांच्या खऱ्या वेळी ऐकू येतात ते बहुतकरून घरी, कानाला लावलेल्या यंत्रातून. रात्रीचे राग असे आपापल्या घरी परतले आहेत.

येथे नियम नीट वाचण्याची गरज आहे. बंदी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर आहे, आणि सभागृहासारखी बंदिस्त जागा तिच्यातून वगळलेली आहे. गाण्यावर बंदी नाही. चाळीस माणसे मावतील अशी खोली असेल आणि ध्वनिक्षेपक मुळीच लावला नाही, तर मालकंस मध्यरात्रीही गाता येईल. शेजाऱ्याला त्याचा त्रास दूरदर्शन संचाइतकाही होणार नाही. चाळीस माणसांसाठी ध्वनिक्षेपक हवा कशाला? अब्दुल करीम खाँ, अल्लादिया खाँ यांचे गाणे ज्यांनी जवळून ऐकले त्यांनी ते बहुधा असेच ऐकले. तेव्हा ‘घर की मैफल’ हा प्रश्नच मला आता थोडा खोटा वाटू लागला आहे. मैफल घरी का आणू नये?

आमच्या मंडळात मी हा विषय काढला. मंडळाचा मोठा खर्च सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा आणि छपाई यांवर होतो. कलावंताच्या हातात जाते ते उरलेले. हे तिन्ही वगळले तर? समजा, चाळीस माणसांनी प्रत्येकी तीनशे रुपये दिले, तर बारा हजार होतात, आणि ते सगळे गाणारी, तबलजी आणि पेटीवाला या तिघांत जातात. रक्कम मोठी नाही, हे मला कळते. पण आज अनेक तरुण कलावंतांना ‘तुम्हांला संधी देत आहोत’ या चार शब्दांवर बोळवले जाते, आणि शाल-श्रीफळ दाखवून एस. टी.चे तिकीट मिळत नाही. तेव्हा घरगुती म्हणजे फुकट, असा अर्थ कोणी काढू नये, एवढी एक अट मी घातली.

हरकती आल्या, आणि त्या रास्त होत्या. कोणाच्या घरी बैठक ठेवली की तिथे जायला काहींना संकोच वाटतो. अनोळखी माणूस, परगावचा विद्यार्थी, दुसऱ्या वस्तीतला श्रोता दार वाजवायला धजत नाही. म्हणजे जो दिवाणखाना शंभर वर्षांपूर्वी फोडला तोच पुन्हा बांधायचा की काय, असे एका बाईंनी विचारले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी अजून नाही. तूर्त एवढे ठरले की, पाटी बाहेर लावायची, महाविद्यालयाच्या फलकावरही लावायची, आणि विद्यार्थ्यांकडून काही घ्यायचे नाही. त्यांच्या वाट्याचे आम्ही पगारदार मंडळींनी भरायचे.

पहिली बैठक आमच्या एका सभासदाच्या चौथ्या मजल्यावरील घरी आहे, रात्री नऊला. त्याच मुलीला बोलावले आहे. फोनवर तिने मानधनाची चौकशी शेवटी केली. आधी विचारले ते, ध्वनिक्षेपक नसेल तर पंखे बंद ठेवता येतील का, आणि ते गुरुजी येणार आहेत का. गुरुजी येणार आहेत. पंख्यांचे घरमालकाशी बोलून ठेवले आहे. वहीत आजवर सव्वीस नावे आली आहेत. मागच्या बाकावरच्या त्या मुलालाही मी विचारले. “सर, रेकॉर्डिंग पाठवाल ना?” म्हणाला. मी त्याचे नाव सत्ताविसावे लिहून ठेवले आहे, पेन्सिलीने.